डब्यातलं गवत

गुलामभाई मस्कतहून कायमचे घरी आले तेव्हा मालवणच्या त्या मोहल्ल्यात सगळ्यांना आनंद झाला. तो आनंद सगळ्यात आधी संपला तो त्यांच्याच घरात. माणूस वाईट नव्हता, उलट फारच चांगला होता. अडचण एवढीच की त्याला स्वस्थ बसता येत नव्हतं. उभी हयात त्यांनी तिकडच्या एका मोठ्या हॉटेलात हिरवळ राखण्यात घालवली होती. कुंपणाबाहेर वाळवंट, पाऊस नावालाही नाही, आणि आत गालिचा अंथरावा तसं गवत. त्या गवतात एखादं पान वेगळ्या जातीचं उगवलं की ते गुलामभाईंना लांबून दिसायचं. मग ते खिशातून आपला दोन दातांचा लोखंडी काटा काढायचे, गुडघ्यावर बसायचे आणि ते पान मुळासकट, खालच्या कांद्यासकट अलगद वर उचलायचे. "कांदो मागे रवलो तर काम फुकट," असं ते हाताखालच्या पोरांना शिकवायचे. पोरं केरळची, बंगालची. त्यांना मालवणी कळत नसे, पण राग बरोबर कळायचा.

आता तो काटा त्यांच्या खिशातून मालवणात आला होता, आणि इथे त्याला काही काम नव्हतं. म्हणून गुलामभाईंनी घरालाच शिस्त लावायला घेतली. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या ताणून सरळ केल्या. माडांची आळी नीट गोल केली. स्वयंपाकघरात मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, आणि त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, गुलजारनं, हळद समजून माशाच्या कढीत भलतंच काहीतरी घातलं. ते जेवण सगळ्यांनी मान खाली घालून संपवलं.

"अम्मी, अब्बांका परत पाठवूया काय?" सून बुशरा हळूच म्हणाली. तिचा नवरा रमीझ गोव्यात नोकरीला, शनिवार-रविवारपुरता घरी येणारा, त्यामुळे सासऱ्यांच्या शिस्तीचा सगळा मार तिच्यावरच पडत होता.

"रवांदे गो," गुलजार हसून म्हणाली. "माणूस पयल्यांदाच घरात ऱ्हवता. शिकात हळूहळू."

ते खरंच होतं. लग्न झाल्यापासून गुलामभाई घरी यायचे ते एप्रिल-मेमध्ये. आंबे, लग्नं, पोरांच्या शाळेची सुट्टी, सगळं तेव्हाच असायचं, आणि हॉटेलवालेही तेव्हाच सोडायचे. जून लागला की परत विमानात. घरचा पावसाळा त्यांनी फक्त फोनवर ऐकला होता: कौलांवरचा ताशा आणि त्याच्या वरताण ओरडून बोलणारी गुलजार. दर फोनच्या शेवटी ती एकच प्रश्न विचारायची, "सुट्टी कधी मेळतली?" आणि ते एकच उत्तर द्यायचे, "बघतंय," म्हणजे बघतो. पावसात आपलं घर कसं दिसतं, हे त्यांना या वर्षापर्यंत ठाऊकच नव्हतं.

जुलैत गुलजार थोडे दिवस आरोंद्याला बहिणीकडे गेली. जाताना तिनं नवऱ्याला दोन गोष्टी बजावल्या. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, आणि बुशराला छळायचं नाही. तिसरी गोष्ट सांगायची राहिली, कारण ती सांगायची गरज पडेल असं तिला वाटलंच नव्हतं.

ती एसटीत बसली आणि गुलामभाईंचे हात शिवशिवायला लागले. ओट्याच्या पायरीशी गुलजारची झाडं होती. मोगरा होता, मेंदी होती, कोरफड होती, आणि सगळ्यात शेवटी गोडेतेलाचा एक गंजका पत्र्याचा डबा होता. या डब्याची आणि गुलामभाईंची जुनी ओळख. दर सुट्टीत तो तिथेच असायचा, आत नुसती लाल, खडबडीत, सुकी माती. "ह्या डब्यात काय गो?" असं ते विचारायचे. "आसा कायतरी," असं ती म्हणायची आणि हसायची. टाकून देऊ का, म्हटलं की मात्र तिचं हसणं बंद व्हायचं.

आता त्या डब्यात काय आहे ते स्पष्ट दिसत होतं. गवत होतं. लांब, अरुंद, कांद्याच्या पातीहून बारीक पानं, कुठलीही शिस्त नसलेली, चारी दिशांना लोळणारी. गुलामभाईंना बायकोची दया आली. बिचारी एवढी वर्षं डबा सांभाळते आणि त्यात रान माजलंय. त्यांनी काटा काढला, पायरीवर गोणपाट टाकलं, गुडघे टेकले आणि कामाला लागले. हात विसरला नव्हता. एकेक पात खालच्या कांद्यासकट अखंड वर आली. लसणीच्या पाकळीएवढे पांढरे कांदे होते. हे लव्हाळ्याच्या जातीतलं दिसतं, म्हणजे नुसतं फेकून भागायचं नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी सगळा झुबका न्हाणीच्या चुलीत घातला. ओले कांदे चरचरले. वर तापलेल्या पाण्यानं गुलामभाईंनी मनसोक्त आंघोळ केली, आणि मग कुडाळच्या नर्सरीतून आणलेला हिरवळीचा एक चौकोन त्या डब्यात बेतून बसवला. वरून हात फिरवला तर मखमल.

संध्याकाळी बुशरा ओट्यावर आली आणि डब्यापाशी थबकली.

"अब्बा, ह्यातलां खंय गेलां?"

"गवत? काढलंय सगळां. आता बघ कसो दिसता डबो."

"गवत?" बुशरानं कपाळाला हात लावला. "अब्बा, तां गवत न्हय! अम्मीचां फूल तां!"

"फूल खंय होतां तेका?"

"ह्याच दिसांत येता. मधसून काडी वर येता आणि तेका पांढरी फुलां. थोडे दिस रवतत, मगे फुलां पण जातत आणि पानां पण सुकतत. मगे वरसभर नुसती माती. अम्मी शुक्रवारी परत येतली ती तेच्यासाठीच. फुलां चुकूक नको म्हणान बहिणीकडे पण जास्त रवणा नाय." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "खंय टाकलास? काढून घेतंय मी."

गुलामभाईंनी न्हाणीकडे बोट दाखवलं. बुशरा न्हाणीत जाऊन चुलीतली राख बघून आली.

"हाडलेलां खंयसून तां?" गुलामभाईंनी विचारलं.

"माहेरच्या सड्यावरसून. लगीन झाला तेवांच. डबो गंजलो की नवो डबो घेतत, माती तीच. कित्याक येवढा जपतात म्हणान इचारल्यार सांगनत नाय. तुमचां नाव घेतत आणि हसतत."

माझं नाव कशाला, असं गुलामभाई म्हणणार होते, आणि तेवढ्यात त्यांना आठवलं. लग्नाचा मे महिना. सासुरवाडीच्या मागचा सडा, म्हणजे मैलभर पसरलेला उघडा काळा कातळ, चप्पल घालूनही पाय भाजणारा. नवी नवरी पुढे, हे मागे. "पावसात हंय सगळां पांढरां होता, फुलांनी," ती म्हणाली होती. आणि मस्कतच्या पहिल्याच पगाराची ऐट असलेले गुलामभाई खो खो हसले होते. "हंय? ह्या कातळार? तुज्या सड्यापरास आमचां वाळवंट बरां!" तिला राग आला होता. "दाखवतलंय तुमका," ती म्हणाली होती. जूनमध्ये ते गेले. ते विसरून गेले. ती विसरली नव्हती. ती दर पावसात त्यांना दाखवायला फूल तयार ठेवत होती आणि ते दर पावसात तिकडे दुसऱ्याचं गवत राखत होते.

बुशरा चहा घेऊन आली. मघाच्या रागाचं तिला वाईट वाटलं असावं. "अब्बा, अम्मीक येवक अजून दोन दिस आसत. सड्यावर जावा, दत्ताराममामांका इचारा, ते दाखयतीत खंय आसा तां. चार कांदे हाडा आणि डब्यात लावा. अम्मीक कळूचां पण नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेनकोट चढवून गुलामभाई स्कूटरवर निघाले. दत्ताराम हे गुलजारच्या माहेरचे शेजारी. भात आणि काजू करणारे. गुलजारचे आईवडील गेले, भाऊ मुंबईला गेला, पण दत्ताराम अजून तिला वाडीची लेक म्हणूनच वागवत, आणि त्या हिशेबानं गुलामभाई साऱ्या वाडीचे जावई. म्हणून पाव्हण्याला आधी चहा, मग फणसाचे तळलेले गरे, मग परत चहा, आणि मग काम काय ते.

"सड्यावरची फुलां?" दत्ताराम इरलं डोक्यावर घेत म्हणाले. "पावणे, फुलांचा मगे बघू. सडो खंय रवलो?"

वर चढून गेल्यावर गुलामभाईंना कळलं. जिथे त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं होतं तिथे आता चिऱ्यांची खाण होती. यंत्रानं सरळ कापलेल्या भिंती, खोल चौकोनी खड्डे, त्यांत साठलेलं लाल पाणी. पावसाळ्यामुळे काम बंद होतं, यंत्र ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांनी दिल्या, दत्ताराम सांगत होते, त्यांचा तरी काय दोष, घरं सगळ्यांनाच बांधायची असतात.

"तुमी वरचो मजलो बांधलास ना, तेचे चिरे पण हंयसूनच गेले," ते सहज म्हणाले. "मीच टेम्पोत भरून दिलेले. पैलो चिरो लावच्या दिसा तुमच्या गुलजारनां माका जेवक बोलवलेलान."

गुलामभाई खड्ड्याकडे बघत राहिले. वरच्या मजल्याच्या खोल्या हवेशीर होत्या. सगळ्या मोहल्ल्यात तसा चिरा कुणाचा नाही, असं ते स्वतःच सांगत फिरत.

"तशी एक पट्टी आसा रवलेली," दत्ताराम म्हणाले. "आमच्या ढोरांची वाट हा थंय. चला."

खाणीच्या पलीकडच्या कडेला, करवंदीच्या जाळीमागे, कातळाची एक अरुंद पट्टी शाबूत होती. गुलामभाई जाळी ओलांडून पुढे झाले आणि उभेच राहिले. उभ्या जन्मात त्यांनी हिरव्याखेरीज दुसरा रंग गवतात येऊ दिला नव्हता. इथे कातळावरच्या बोटभर मातीत, अगदी गवतासारख्या दिसणाऱ्या पानांतून, सरळ काड्या वर आल्या होत्या आणि त्यांना पांढरी फुलं लागली होती. एकेका काडीला कितीतरी. वारा आला की सगळी पट्टी एका बाजूला कलायची आणि पुन्हा उभी राहायची. कुणी पेरलं नव्हतं, कुणी पाणी घातलं नव्हतं. त्यांना एकदम हसू आलं आणि लगेच रडूही यायला लागलं, पण पाऊस असल्यामुळे दत्तारामांना ते कळलं नसावं.

मग ते कामाला आल्यासारखे गुडघ्यावर बसले. काटा काढला. एका काडीशेजारी तो मातीत टेकवला आणि त्यांचा हात थांबला. फुलाच्या वेळी कांदा रिकामा असतो, सगळं बळ वर गेलेलं असतं. आता हलवलं तर डब्यात दोन दिवस तग धरेल आणि मरेल, हे त्यांना माळी म्हणून समजत होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. समजा, जगलं. मग गुलजार दर पावसात त्या फुलाकडे बघून हसणार, आणि आपण शेजारी बसून खोटं हसायचं. एवढी वर्षं लांब राहून ते तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. आता जवळ येऊन सुरुवात करायची, हे त्यांना जमेना.

"काय पावणे, नको?"

"नको. हंयच बरी आसत."

शुक्रवारी गुलजार आली. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत, पायरीवरच, गुलामभाईंनी सगळं सांगून टाकलं. काटा, चूल, आंघोळीचं पाणीसुद्धा. बुशरा दारामागे उभी राहून हातांनी खुणा करत होती की आंघोळीचं सांगू नका. पण ते सांगून झालं होतं.

गुलजारनं डब्याकडे पाहिलं. वाकून त्या मखमली गवतावरून हात फिरवला.

"बरां लावलास," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी ती भांडली नाही. जेवण वाढलं, गोळ्या हातावर ठेवल्या, बहिणीच्या नातवाचं कौतुक सांगितलं. फक्त डब्याकडे पुन्हा पाहिलं नाही आणि गुलामभाईंकडेही फारसं पाहिलं नाही. फोनवर बायको गप्प झाली की लाइन गेली असं समजून ते परत फोन लावायचे. समोर बसलेल्या माणसाची लाइन गेली तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी त्यांनी स्कूटर काढली. "चल."

"खंय?"

"चल म्हणतंय मा."

"पावसात? ह्या वयात? लोक काय म्हणतीत?"

"नवऱ्याच्या स्कूटरवर बसली म्हणतीत. बस."

बुशरानं सासूच्या हातात छत्री कोंबली आणि तिला जवळजवळ ढकललंच.

सड्यावर आल्यावर गुलजारला आधी खाण दिसली. ती तोंडावर पदर घेऊन उभी राहिली. ऐकून तिला ठाऊक होतं, पण पाहिलं नव्हतं. आईबाप गेल्यावर ती इकडे वर चढलीच नव्हती. गुलामभाईंनी तिचा हात धरला, चारचौघांत कधी धरला नव्हता तसा. चारचौघे नव्हतेच म्हणा, फक्त दत्तारामांची एक म्हैस होती. करवंदीची जाळी त्यांनी हातानं बाजूला केली आणि तिला पुढे जाऊ दिलं.

फुलं होती. दोन दिवसांत आणखी उमलली होती.

गुलजारनं फुलांकडे एकदाच पाहिलं आणि मग वळून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. फुलं तिनं खूप वेळा पाहिली होती. ती बघणारे गुलामभाई तिनं कधी पाहिले नव्हते.

"बघलास?"

"बघलंय."

"मगे? वाळवंट बरां काय ह्यां बरां?"

"ह्यां."

"वायच मोठ्यान सांगा. पावसात ऐकाक येणा नाय."

"ह्यां बरां!" गुलामभाई खाणीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. म्हशीनं मान वर केली. आणि गुलजार हसली, त्या डब्याबद्दल विचारल्यावर दर सुट्टीत हसायची तशीच. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी तिला दत्तारामांनी सांगितलेलं सांगितलं. पाऊस सरला की यंत्र या पट्टीकडे वळणार. पुढच्या पावसात इथे काही उरणार नाही.

"मगे आताच काढा," ती म्हणाली. "काटो आसा ना खिशात? नाय म्हणू नका, माका म्हायत हा."

"आता काढलंय तर मरतलां. पानां सुकली काय कांदो झोपता. तेवां काढूचो, तेका कळाचां पण नाय." हे सांगताना त्यांचा आवाज बदलला, हाताखालच्या पोरांशी बोलायचे तसा झाला. "पण तेवां वर कायच दिसणा नाय. नुसती माती. म्हणान आता खुणो करून ठेवूक होयो."

खाणीच्या कडेला चिऱ्यांच्या लाल कपच्यांचा ढीग पडला होता. गुलामभाई ओंजळ भरभरून आणायचे, गुडघ्यावर बसायचे आणि एकेका काडीच्या मुळाशी कपची खोचायचे. गुलजार त्यांच्या डोक्यावर छत्री धरून मागे मागे सरकत होती आणि हे राहिलं, ते राहिलं, असं बोटानं दाखवत होती. छत्रीचा काही उपयोग नव्हता. दोघंही चिंब भिजली होती. एका ठिकाणी ती म्हणाली, "सगळी नेवक नको. डब्यात मावतीत तेवढी आपणांक, बाकीची दत्तारामच्या आंब्याखाली लावूया. हंयचीच आसत ती, हंयच रवांदेत." गुलामभाईंनी मान हलवली. त्यांना तेच म्हणायचं होतं, पण तिनं म्हटलेलं त्यांना जास्त आवडलं.

काम संपलं तेव्हा पट्टीभर लाल खुणा दिसत होत्या. गुलामभाई कंबर धरून उठले.

"दसऱ्याच्या आदी येवचां लागतलां," ते म्हणाले. "मशीन सुरू होवच्या आदी."

"दसऱ्याच्या आदी," गुलजार मनाशी म्हणाली. छत्री मिटून तिनं ती झटकली आणि सवयीनं, तोंडातून आपोआप यावं तसं विचारलं, "पण तेवां तुमका सुट्टी मेळतली?"

विचारलं आणि तिची तीच चपापली. गुलामभाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिची चूक दाखवून द्यावी, असं काही त्यांना वाटलं नाही. हा प्रश्न तिनं किती पावसांत त्यांना विचारला होता, आणि त्याला धड उत्तर त्यांनी एकदाही दिलं नव्हतं.

"मेळतली," ते म्हणाले. "'बघतंय' नाय. मेळतली."